मंत्रध्यानाची सुरुवात: आधी ओठांवर, मग मनात

मंत्रध्यान शिकायला निघालेले बहुतेक जण डोळे मिटतात आणि थेट मनातल्या मनात जप सुरू करतात. दोन-चार मिनिटांत मंत्र कुठेतरी हरवतो. त्याच्या जागी उद्याच्या कामांची उजळणी चालू असते, नाहीतर मान पुढे कलंडलेली असते. काही दिवस असंच झालं की माणूस ठरवून टाकतो, ‘माझं मनच चंचल, मला हे जमायचं नाही.’ माझं ठाम मत आहे की इथे दोष मनाचा नसतो, क्रम उलटा लागलेला असतो. मनातला जप ही या अभ्यासातली सगळ्यात अवघड पायरी आहे. पोहायला शिकणाऱ्यानं पहिल्याच दिवशी खोल पाण्यात उडी घ्यावी, तसं ते आहे.

जपाचे तीन प्रकार फार पूर्वीपासून सांगितले गेलेत. वाचिक म्हणजे दुसऱ्याला ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण आवाज जेमतेम स्वतःपुरता, आणि मानस म्हणजे पूर्ण मनातल्या मनात. मानसजप श्रेष्ठ मानला गेला, म्हणून सगळे तिकडेच धावतात. पण श्रेष्ठ म्हटलेली गोष्ट सुरुवातीला सोपी असतेच असं नाही. या लेखात मी याच तीन पायऱ्या क्रमानं चढायला सांगणार आहे, आणि गरज पडेल तेव्हा बिनदिक्कत एक पायरी खाली उतरायलाही.

मोठ्यानं म्हटल्यानं नेमकं काय होतं

आपले बरेचसे विचार शब्दांत चालतात. आतल्या आत कुणीतरी बोलत असतं: हे राहिलं, ते करायचंय, तो असं का म्हणाला. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचं, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीचं, जे प्रारूप मांडलं, त्यात शब्द मनात घोळवत ठेवणारी एक वेगळी यंत्रणा मानली आहे. माणूस एखादा शब्द तोंडानं सतत म्हणत राहिला की ही यंत्रणा त्यातच गुंतते आणि दुसरे शब्द मनात धरून ठेवणं अवघड होतं. प्रयोगशाळेत हे वारंवार दिसलेलं आहे. तुम्हीही करून बघा: एखादा शब्द मोठ्यानं म्हणत असताना मनात दुसरं लांबलचक वाक्य जुळवा. वाक्य तुटतं. मोठ्यानं केलेला जप आतल्या बडबडीची जागाच अडवतो. मनातल्या मनात केलेल्या जपाला ही ताकद यायला वेळ लागतो.

दुसरा परिणाम श्वासावर होतो. म्हणायचं तर श्वास सोडतच म्हणावं लागतं, त्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो. लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २३ निरोगी व्यक्तींनी एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हटली आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे हूँ’. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला साधारण ६ वर आली, आणि हृदय व रक्तदाबाच्या लयींवरही त्याचा चांगला परिणाम दिसला. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा, पण म्हणण्याची लय जवळपास सारखी. श्वास मोजण्याचे, रोखण्याचे वेगळे खटाटोप नवशिक्यानं करू नयेत असं मी म्हणते ते म्हणूनच. मंत्र नीट म्हणा, श्वास त्याच्या मागोमाग येतो.

मंत्र कोणता घ्यावा

एकच घ्यावा, छोटा घ्यावा, आणि म्हणताना मनात संकोच नसेल असा घ्यावा. यातली तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आहे.

श्रद्धा असेल तर ज्या देवतेकडे मन आपसूक वळतं तिचं नाव घ्या. ‘ॐ नमः शिवाय’, ‘ॐ नमो भगवते वासुदेवाय’ हा बारा अक्षरांचा मंत्र, ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा, किंवा नुसतं ‘राम’. ‘णमो अरिहंताणं’, ‘वाहेगुरू’, ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हेही शतकानुशतकं जपले गेलेले आहेत. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत येशूच्या नावाची छोटी प्रार्थना सतत म्हणतात, सूफी साधक जिक्र, म्हणजे ईश्वराच्या नावाचं पुन्हा पुन्हा स्मरण, करतात. श्रद्धेशी जोडायचं नसेल तरी अडत नाही. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये सामान्य लोकांसाठी जी पद्धत मांडली, तीत श्वास सोडताना मनात ‘एक’ एवढाच आकडा म्हणायला सांगितलं होतं. ‘शांत’ हा शब्दही चालतो. फक्त मनात वादळ उठवणारा शब्द नको: कुणा माणसाचं नाव, एखादं ध्येय, ‘मी यशस्वी होणार’ यासारखी घोषणा. असल्या शब्दांना विचारांचे धागे चिकटलेले असतात आणि जप करता करता माणूस त्या धाग्यांवरून भरकटतो.

‘ह्रीं’, ‘क्लीं’ यांसारखे एकाक्षरी बीजमंत्र आणि गुरूनं दीक्षेनं देण्याचे मंत्र पुस्तकातून उचलून सुरू करू नका. ज्या परंपरेचे ते आहेत तिनं त्यांना नियम घातलेत आणि त्या नियमांचा मान राखायला हवा. गायत्री मंत्र सुंदर आहे, पण चोवीस अक्षरांचा आहे. नवशिक्याचं निम्मं लक्ष पुढचा शब्द आठवण्यात जातं. तो आधीपासून तोंडात बसलेला असेल तर गोष्ट वेगळी.

मंत्र निवडताना तीन-चार मंत्र मोठ्यानं म्हणून पाहा आणि जो जिभेवर सहज फिरतो तो ठेवा. एकदा ठरला की निदान तीन महिने बदलू नका. कंटाळा येईल, दुसरा मंत्र जास्त ‘शक्तिशाली’ आहे असं कुणीतरी सांगेल, तरीही नाही. मंत्राची ताकद मुख्यतः सरावानं साठते आणि मंत्र बदलला की साठा पुन्हा शून्यावर येतो.

बसण्याची व्यवस्था

यावर फार वेळ घालवू नका. जमिनीवर मांडी घालून बसणार असाल तर बुडाखाली घडी घातलेलं जाड कापड किंवा उशी घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहते आणि पाठ न ओढता ताठ होते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, तळपाय जमिनीला टेकवा, पाठ टेकली तरी चालेल. हनुवटी किंचित आत. जबडा सैल, दात एकमेकांपासून सुटे. जबड्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते आहे, कारण दिवसभराचा ताण तिथेच जमतो आणि आवळलेल्या जबड्यातून मंत्र कधीच मोकळा निघत नाही.

वेळ रोज तीच ठेवा. पहाट उत्तम मानतात आणि तेव्हा व्यत्यय कमी असतो हे खरं, पण ओढूनताणून उठून पेंगण्यापेक्षा संध्याकाळची जागी वीस मिनिटं चांगली. जेवणानंतर लगेच बसू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता उलटा ठेवलेला फोनही लक्षाचा एक कोपरा धरून ठेवतो.

पहिली पायरी: वाचिक जप

पहिले दोन-तीन आठवडे सगळा जप आवाजात करा. रोज दहा मिनिटं पुरेत.

बसल्यावर दोन-तीन श्वास तसेच जाऊ द्या. मग नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात, शक्य तर त्याहून थोड्या खालच्या सुरात मंत्र सुरू करा. चाल लावू नका. चाल लावली की ते गाणं होतं आणि मन सुरांच्या मागे जातं. एकाच सपाट सुरावर म्हणा. छोटा मंत्र एका श्वासात दोन-तीनदा येईल, मोठा एकदा. श्वास संपत आला की थांबा, नाकानं श्वास आत येऊ द्या, मग पुढचा. शेवटची अक्षरं श्वास अपुरा पडल्यानं गिळली जात असतील तर वेग जास्त आहे असं समजा.

उच्चार स्पष्ट हवा. ‘नमः’मधल्या विसर्गाला हलका ‘ह’ ऐकू आला पाहिजे. ‘ॐ’ म्हणताना ओठ मिटल्यावरचा ‘म’ तोडू नका, तो थोडा गुंजू द्या. त्या वेळी ओठांत, नाकाच्या मुळाशी, छातीत एक सूक्ष्म कंप जाणवतो. या पायरीवर लक्ष ठेवायची जागा हीच: कानाला ऐकू येणारा आवाज आणि अंगाला जाणवणारा कंप. भुवयांच्या मध्ये नजर रोखणं, प्रकाशाची कल्पना करणं, चक्रं मोजणं हे काहीही आत्ता करायचं नाही. डोळे हवे तर मिटा, हवे तर अर्धे उघडे ठेवून समोरच्या जमिनीकडे बघा.

घरात इतर माणसं असतील आणि मोठ्यानं म्हणायची लाज वाटत असेल, तर त्यांना सरळ सांगा की मी रोज दहा मिनिटं जप करणार आहे. चोरून केलेला जप कानोसा घेत होतो.

दुसरी पायरी: उपांशु

दहा मिनिटांतला बराचसा वेळ मंत्राच्या आवाजाबरोबर राहता यायला लागलं की पुढे सरका. एकदम नाही. बैठक पंधरा मिनिटांची करा. पहिली पाच मिनिटं आवाजात म्हणा आणि मग आवाज हळूहळू उतरवत न्या, इतका की ओठ आणि जीभ हलतायत पण ऐकू येतंय फक्त तुम्हाला, तेही पुसटसं.

फुसफुसून जोरात म्हणायचं नाही, त्यानं घसा कोरडा पडतो. हवा अगदी थोडी लागते. आता लक्ष कानांवरून ओठ आणि जिभेच्या हालचालीकडे येतं. ‘न’ला जिभेचं टोक वर टेकतं, ‘म’ला ओठ मिटतात, ‘व’ला वरचे दात खालच्या ओठाजवळ येतात. ही बारीक नोंद घेता आली तर उपांशु जप विलक्षण गोड होतो. मला तिन्हींत हीच पायरी सगळ्यात जास्त देणारी वाटते आणि लोक हिलाच सगळ्यात कमी वेळ देतात. हिच्यावर महिनाभर राहिलात तरी काही बिघडत नाही. वर्षभर राहिलात तरी नाही.

तिसरी पायरी: मानस

उपांशु जप चालू असताना कधीतरी ओठ आपोआप मंदावतात आणि मंत्र मात्र चालूच राहतो. मानसजपाचा दरवाजा असा आतून उघडतो. तो उघडण्याची वाट बघा.

ओठ थांबले की जीभ खालच्या दातांमागे सैल सोडा. मनात म्हणतानाही जिभेच्या मुळाशी बारीक हालचाल होत राहते, ती जाणवली तर दाबू नका, नुसती सैल करा. आता मंत्र म्हणण्यापेक्षा ऐकण्याकडे कल ठेवा. आत कुणीतरी म्हणतंय आणि तुम्ही ऐकताय. मंत्राचा वेग बदलेल, कधी तो अस्पष्ट होईल, कधी श्वासाशी जुळेल, कधी सुटेल. जुळवायचा आग्रह धरू नका.

मंत्र हरवलाय हे लक्षात येईल तेव्हा परत या. तीनदा परत आल्यावरही पुन्हा हरवत असेल तर सरळ ओठ हलवायला लागा, म्हणजे उपांशुवर या. तरीही मन उधळलेलं असेल तर आवाजात म्हणा. जुने, मुरलेले साधकही अस्वस्थ दिवशी मोठ्यानं नाम घेतात. पायरी उतरणं हा या पद्धतीचाच भाग आहे आणि त्याची लाज वाटण्याचं कारण नाही.

माळ, बोटं की घड्याळ

माळेत १०८ मणी आणि माळेचं टोक दाखवणारा एक वेगळा मेरुमणी असतो. मणी अंगठ्यानं मधल्या बोटावरून आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची. मेरुमण्यापाशी आलं की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट दिशेनं पुढची सुरू करायची. सुरुवातीला माळ मदतच करते, कारण मंत्र हरवला की बोटं थांबतात आणि थांबलेल्या बोटांमुळे हरवल्याचं लवकर कळतं.

माळ नसेल तर करमाळ, म्हणजे बोटांच्या पेरांवर मोजणं, आहेच. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात करून तिच्याच खालच्या पेरावर, मग करंगळीची तीन पेरं खालून वर, अनामिकेचं टोकाचं पेर, मधल्या बोटाचं टोकाचं पेर, आणि तर्जनीची तीन पेरं वरून खाली. अशी दहा होतात. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं मेरू समजून सोडतात.

वेळेचा अंदाज असा: एका मंत्राला तीन सेकंद धरले तर एक माळ साधारण साडेपाच मिनिटांत होते. एका सावकाश श्वासाला एकच मंत्र म्हटलात तर त्याच माळेला अठरा मिनिटं लागतात. म्हणून ‘मी रोज इतक्या माळा करतो’ या हिशेबाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. आकडा गाठायची घाई दिसली की माळ बाजूला ठेवा आणि सौम्य आवाजाचा गजर लावून वेळेवर जप करा.

जप संपल्यावरची दोन मिनिटं

ही दोन मिनिटं बहुतेक जण टाकून देतात. शेवटचा मंत्र झाला की लगेच उठू नका. मंत्र म्हणणं थांबवा आणि तसेच बसून राहा. काही शोधायचं नाही, काही अनुभवायची खटपट करायची नाही. इतका वेळ चाललेला आवाज थांबल्यावर जी शांतता उरते ती कानांना आधीपेक्षा वेगळी लागते. तिच्यात बसा. विचार आले तर येऊ देत. मग हात-पाय हलवा, डोळे उघडा आणि सावकाश उठा.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात ॐकाराविषयी सांगताना जपाबरोबरच अर्थाची भावनाही सांगितली आहे: ‘तज्जपस्तदर्थभावनम्’. जप चालू असताना अर्थाचा विचार करत बसलं तर तो विचारच होतो. म्हणून मी नवशिक्यांना सांगते की अर्थ आधी एकदा नीट समजून घ्या, जपात तो सोडून द्या, आणि या शेवटच्या दोन मिनिटांत त्याला आपणहून वर येऊ द्या.

हमखास येणाऱ्या अडचणी

काही दिवसांतच एक विचित्र गोष्ट घडते. मंत्र म्हणता म्हणता त्यातला अर्थ निघून जातो आणि शब्द परका, नुसता ध्वनी वाटायला लागतो. श्रद्धाळू माणूस यानं घाबरतो, आपली भक्ती कमी पडली असं त्याला वाटतं. तसं काही नसतं. कुठलाही शब्द पुन्हा पुन्हा म्हटला की त्याच्या अर्थाची जाणीव तात्पुरती बोथट होते, मानसशास्त्रज्ञांना हे चांगलं माहीत आहे. म्हणत राहा. ध्वनीबरोबर राहता येणं हेच तर आपल्याला हवं आहे, आणि अर्थ नंतर परत येतो.

झोप येत असेल तर आवाज वाढवा, डोळे उघडा, उभं राहून म्हणा. रोजच येत असेल तर ती जपाची अडचण नाही, रात्रीची झोप कमी पडते आहे. ती आधी पुरी करा.

कपाळावर ताण किंवा डोकेदुखी जाणवली तर तुम्ही मंत्राला मनात घट्ट आवळून धरताय. तिथल्या तिथे वाचिकवर या. आवाजात म्हणताना असं आवळणं फार वेळ टिकत नाही.

मंत्र यांत्रिकपणे चालू आहे आणि मागे विचारही चालू आहेत, अशी दुपेडी अवस्था पुष्कळांना येते. तिथे वेग निम्मा करा. सवयीचा वेग मोडला की मंत्राला पुन्हा लक्ष द्यावंच लागतं. दोन मंत्रांमध्ये एका श्वासाची मोकळी जागा सोडली तरी चालतं.

कधी डोळ्यांत पाणी येतं, जुना राग किंवा दुःख वर येतं. दिवसभर दाबून ठेवलेलं शांत बसल्यावर वर येणं स्वाभाविक आहे. त्याची कथा रचत बसू नका, मंत्र हळू आवाजात चालू ठेवा. मात्र हे सहन होण्यापलीकडे जात असेल, घाबरल्यासारखं होत असेल, आपण आपल्यापासून तुटलोय असं वाटत असेल, तर थांबा. डोळे उघडा, चाला, कुणाशी तरी बोला. तीव्र नैराश्य, भास होणं, उन्माद किंवा मोठ्या आघाताचा इतिहास असेल तर सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला, आणि सुरू केलात तरी बैठका छोट्या व आवाजातल्या ठेवा. जपासाठी कुठलंही औषध बंद करू नये, कुणीही सांगितलं तरी.

प्रकाश दिसणं, कंप जाणवणं, सुगंध येणं याबद्दल एवढंच सांगते: आलं तर आलं. त्याची वाट बघायला लागलात की जप मागे पडतो.

वेळ कसा वाढवायचा

दहा मिनिटांवरून पंधरा, पंधरावरून वीस, आणि दर वाढीनंतर निदान दोन आठवडे तिथेच मुक्काम. वीस मिनिटांची एक बैठक सामान्य संसारी माणसाला पुष्कळ आहे. त्यापुढे जायचं असेल तर एकाच बैठकीचे तास करण्यापेक्षा संध्याकाळी दुसरी छोटी बैठक घ्या. वीस मिनिटांत पहिली पाच वाचिक, पुढची पाच उपांशु, आठ मानस आणि दोन मौनाची, अशी विभागणी मला योग्य वाटते. घड्याळाकडे बघून पायरी बदलायची नाही, अंदाजानं बदलली तरी पुरे.

चालताना, रांगेत उभं असताना, स्वयंपाक करताना मंत्र मनात फिरू लागला तर जरूर फिरू द्या. त्यानं बैठकीची जागा भरून निघत नाही, पण बैठक सोपी होते. गाडी चालवताना मात्र लक्ष रस्त्यावरच हवं.

खंड पडेलच. प्रवास, आजारपण, पाहुणे, कधी नुसता आळस. बुडलेल्या दिवसांच्या माळा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका, त्यानं जपाला कर्जाचं रूप येतं आणि मन त्यापासून पळायला लागतं. पुन्हा बसाल त्या दिवशी मंत्र तोच ठेवा, वेळ दहा मिनिटांवर आणा, आणि सुरुवात आवाजात करा.